चिखल वाळेपर्यंत

२३ सप्टेंबर, मंगळवार

रॉइस वळला नाही.

मी त्याच्या मागेच होते. दोन वाटा फुटतात तिथे डावीकडे वळायचं असतं. एकोणीस वर्षं आम्ही तिथे डावीकडेच वळतो. तिथलं ज्युनिपरचं वाकडं झाड मला डोळे मिटूनही दिसतं. आणि वळणावर थांबायचं असतं. मागचा दिसेपर्यंत पुढच्याने वळण सोडायचं नाही — आमच्या फिरण्यातला हा एकच नियम, आणि तोही रॉइसनेच घातलेला. आज तो थांबला नाही. हात वर केला नाही. मानसुद्धा हलली नाही. बाईक सरळ गेली, त्याच वेगात, जणू वर कुणी बसलेलंच नाही.

मी हॉर्न वाजवला. वाजवत राहिले. एवढ्या मोकळ्या माळावर हॉर्नचा आवाज किती केविलवाणा वाटतो!

मग मीही सरळच गेले. नवऱ्याला एकटं कसं सोडणार? मागून ऑरिन आणि त्याची बहीण ट्रूडी आले, आमच्या टायरच्या खुणा बघत. नकाशा कुणी काढला नाही. रॉइस पुढे असला की आमच्यात कुणी नकाशा काढत नाही.

तो थांबला तो थेट लाल घळीत, गुराख्यांच्या जुन्या लाकडी खोलीसमोर. हेल्मेट काढलं. आजूबाजूला बघितलं. ते बघणं जूनपासून माझ्या ओळखीचं झालंय — परक्या घरात जाग आल्यासारखं. मी म्हटलं, "रॉइस?" तो म्हणाला, "हं." तेवढ्यात धुरळ्यातून ऑरिन आला आणि ओरडला, "हे कुठे आणलंस रे बाबा आम्हाला?"

रॉइसने एक श्वास घेतला. मग दोन्ही हात पसरून म्हणाला, "सरप्राइज! दरवर्षी त्याच खड्ड्यात तंबू ठोकून कंटाळा नाही आला तुम्हाला?"

ट्रूडीने टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

मीही वाजवल्या.

२४ सप्टेंबर

पहाटेपासून पाऊस. आधी आवाज आला. ट्रूडीने आयुष्यभर खडीचे ट्रक चालवले. ती चहाचा कप तसाच हातात धरून म्हणाली, "वर कुणीतरी खडी ओततंय." आम्ही पडवीत आलो तर काल ओलांडलेला कोरडा ओढा राहिलाच नव्हता. तिथे लाल पाणी, त्यात अख्खी झाडं, मुळांसकट.

खालच्या अंगाला हेच पाणी आमच्या तंबूच्या नेहमीच्या जागेवरून जातं. आम्ही तिथे असतो तर झोपेतच गेलो असतो. हे आधी ऑरिनच्या लक्षात आलं. एवढा थोराड माणूस, खाणीतली यंत्रं उचकटणारा, पण त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने रॉइसला मिठीच मारली. "म्हाताऱ्याने पाऊस हुंगला! ट्रूडी, याने पाऊस हुंगला गं!"

"मला वाटलंच होतं," ट्रूडी म्हणाली. "मी काल म्हटलं नाही ऑरिनला, रॉइस काही उगाच करत नाही?"

"तू काल म्हणालीस की इथे उंदीर असतील."

"तेही आहेतच!"

रॉइस नुसता हसला. दुपारी मात्र त्याने सांगितलं की वळणावर हवेला ओल्या मातीचा वास होता. संध्याकाळपर्यंत पश्चिमेकडचे ढगही त्या गोष्टीत आले. माझ्याकडे बघत नाही तो ती सांगताना.

मी जूनमधला स्वयंपाकघरातला तो दिवस आठवत बसले. कपात कॉफी ओतत होता. कप भरला. ओट्यावरून कॉफी खाली ओघळली, त्याच्या पायावर पडली, आणि तो ओततच होता. डोळे उघडे. मी ज्याला हाक मारत होते, तो तिथे नव्हताच. मग परत आला आणि म्हणाला, "हे कुणी सांडलं?"

सॉल्ट लेक शहरातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. गोळ्या लागू पडेपर्यंत गाडी नाही, बाईक नाही, शिडीसुद्धा नाही. गोळ्या तो व्हिटॅमिनच्या बाटलीत ठेवतो. अजून लागू पडलेल्या नाहीत. "एवढी एकच फेरी," मला म्हणाला. "त्यांना सांगायचं नाही. हातावर हात दे." मी दिला. अट घातली की मी कायम त्याच्या मागे असेन. मोठी अट घातल्यासारखं वाटलं होतं तेव्हा! मागून काय करता येतं, ते काल कळलं. बघता येतं.

२५ सप्टेंबर

पाऊस. उंदीर. पाऊस.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पाणी उतरलं, पण उपयोग नाही. वाट जिथे ओढ्यात उतरत होती तिथे आता माणसाहून उंच सरळ कापलेली दरड आहे, आणि खाली चिखल. वरून कोरडा दिसतो, चॉकलेटसारखा. ऑरिनने "मी बघतो" म्हणून पाय टाकला आणि मांडीपर्यंत आत गेला. तिघांनी ओढून काढला. बूट आतच राहिला.

"त्या बुटाला काही बोलायचंय का?" ट्रूडीने टोपी काढून छातीशी धरली. "भला बूट होता. वास मारायचा, पण भला होता."

"गप गं, म्हातारे! हात घाल आत, तुझा हात लांब आहे."

बूट काढायला दुपार गेली. हसून हसून पोट दुखलं माझं, आणि हसता हसता एकदम वाटलं, आता याच क्षणी सांगून टाकावं — सगळे चिखलाने माखलेत, कुणाचाच चेहरा धड दिसत नाहीये. तोंड उघडलंही. रॉइसने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कॉफी कुणाला हवी?"

ट्रूडीकडे उपग्रहावरून निरोप पाठवायचं यंत्र आहे. तिने तिच्या मुलीला कळवलं: सगळे ठीक, चिखल वाळला की येऊ. त्यावर एक लाल बटण आहे, झाकणाखाली. ते दाबलं की हेलिकॉप्टर येतं. ट्रूडी म्हणते, ते रक्त वाहत असेल तर दाबायचं. माझं बोट दिवसभर त्या झाकणावर आहे, मनातल्या मनात.

ही जागा सुंदर आहे, हे मला दिसतं. पावसानंतर सेजच्या झुडपांचा वास, भिंतींवरून लोंबणाऱ्या पाण्याच्या धारा. पूर्वी अशी घळ बघितली की मी रॉइसचा हात धरायचे. आता दोन भिंती आणि मध्ये आम्ही, एवढंच दिसतं. पुढे कडा, मागे चिखल. आणि मधल्या खोलीत एक गोष्ट जी मला ठाऊक आहे आणि त्यांना नाही. चार पलंग, एक लोखंडी चूल, आणि ती.

२७ सप्टेंबर

खाणं संपत आलंय. इथल्या फळीवर लोक डबे ठेवून जातात — बीन्स, पीच, काय असेल ते. खाल्लं तर पुढच्या फेरीत परत आणून ठेवायचं. ट्रूडीला अपराधी वाटतंय. "आपण अर्धी फळी फस्त केली. मी मरायच्या आत हे सगळं परत आणायचं, ऐकलंत ना?"

"तू मरत नाहीस," ऑरिन म्हणाला. "चिखलाने तुला घेतलं असतं तर थुंकून टाकलं असतं."

सकाळी पॅनकेक रॉइस करत होता. मी टेबल पुसत होते, ऑरिन आणि ट्रूडी पाठमोरे, खिडकीतून आभाळ बघत. त्याने पळी वर उचलली आणि ती वरच राहिली. पीठ तव्यावर पडत राहिलं, पसरत गेलं, कडेवरून चुलीवर. धूर यायला लागला. ऑरिन वळणार — आणि मी माझा कॉफीचा मग सरळ जमिनीवर टाकला. ऑरिनच्या पायाशी. जाणूनबुजून!

"अगं!" ऑरिन उडालाच. सगळे खाली बघायला लागले. मी माफी मागत पुसत राहिले, हळूहळू, जेवढा वेळ लागेल तेवढा. वर बघितलं तेव्हा रॉइस परत आला होता. तव्याकडे बघत होता. म्हणाला, "हा जरा मोठाच झाला."

ऑरिनने तो जळका पॅनकेक खाल्ला. वर म्हणाला, आज तू चांगला केलायस.

मी त्याच्या मागे राहायचं ठरवून आले होते. आता बघते तर त्याच्या पुढे उभी आहे, पडदा धरून.

दुपारी रॉइस आणि ऑरिन कड्याची वाट बघून आले. जुनी खाणकामगारांची वाट, थेट माथ्यावर जाते. ऑरिन म्हणतो, बाकी ठीक आहे, मध्ये एक तुकडा पडलाय तिथे बाईकपुरतीच जागा आहे. डावीकडे भिंत. "आणि उजवीकडे?" ट्रूडीने विचारलं. ऑरिन म्हणाला, "उजवीकडे बघायचं नाही." चिखल वाळायला अजून तीन-चार दिवस जातील, आणि पुन्हा पाऊस आला तर मोजायलाच नको. उद्याचा दिवस ऊन लागू दे, परवा सकाळी कड्याने बाहेर पडायचं.

"मी आधी जातो," रॉइस म्हणाला. "वर बाईक लावून चालत खाली येतो आणि त्या तुकड्यावर उभा राहतो. एकेकाने या."

"म्हणजे नेहमीसारखंच," ऑरिन म्हणाला.

नेहमीसारखंच. वाईट जागी पुढचा आधी जातो. दुसऱ्या कुणी जायचं तर का, ते सांगावं लागेल.

मी म्हटलं, "मी जाते आधी."

तिघंही हसले. "बाई गं," ऑरिन म्हणाला, "गेल्या वर्षी तू पेट्रोल पंपावर उभ्याउभ्या पडलीस!"

पडले होते. खरं आहे.

मग म्हटलं, निदान तेवढ्या तुकड्यावर बाईक हाताने ढकलत नेऊ. रॉइस म्हणाला, ढकलताना माणूस बाहेरच्या बाजूला राहतो, ते जास्त धोक्याचं. तेही खरं आहे. त्याचं सगळं खरं असतं, एक सोडून.

आम्ही दोघंच लाकडं आणायला गेलो तेव्हा मी म्हटलं, "सकाळचं पीठ आठवतंय?"

"काय पीठ?"

"रॉइस, त्या तुकड्यावर तसं झालं तर?"

"तो तुकडा आपल्या खोलीएवढाही नाही. पंधरा सेकंद लागतील. दिवसात किती सेकंद असतात, शॉना?"

मला हिशोब नको होता. मला तो हवा होता, अख्खा.

२८ सप्टेंबर, रविवार

सांगितलं.

न्याहारीला. सगळे बसल्यावर. काल मनात घोळवलेली वाक्यं एकही आली नाहीत. नुसतं म्हटलं, "रॉइस आजारी आहे. त्याचं भान जातं. डॉक्टरांनी बाईक बंद केली आहे. उद्या त्याने कड्यावर जायचं नाही."

ऑरिनने काटा खाली ठेवला. "खरं का रे?"

रॉइस हसला! चांगलं, मोकळं हसला, एकोणीस वर्षं आम्ही ज्याच्या मागे आलो ते हसू. "उन्हाळ्यात एकदा चक्कर आली. पाणी कमी प्यायलो होतो. बायको आणि डॉक्टर एकत्र आले की काय होतं, तुला माहीतच आहे."

"एकदा नाही," मी म्हटलं.

"शॉना —"

"काल पॅनकेक करताना. मी कॉफीचा मग मुद्दाम पाडला, ऑरिन. आणि मंगळवारी, वळणावर." मग मला थांबता येईना. "त्याने पाऊस हुंगला नव्हता. त्याला वळणच दिसलं नाही. तो इथे आला तेव्हा आपण कुठे आहोत हेही त्याला माहीत नव्हतं."

रॉइसच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण मागून कुणीतरी दिवा काढून घेतल्यासारखं. मग म्हणाला, "बरं झालं ना मग नाही दिसलं! दिसलं असतं तर आत्ता आपण वाहत जाऊन पॉवेलच्या तळ्यात तरंगत असतो."

आणि ऑरिन हसला. सुटल्यासारखा हसला. "हे मात्र खरं. शॉना, तू काळजी करतेस हे ठीक आहे, पण हा माणूस झोपेत चालवेल तरी माझ्यापेक्षा बरा चालवेल."

त्यांना विश्वास ठेवायचा नाही. मला वाटलं होतं, सांगणं कठीण आहे. ऐकणाऱ्याने ऐकलंच नाही तर काय, हे डोक्यातच आलं नव्हतं.

ट्रूडी तवा घासत राहिली, स्वच्छ झाला तरी. मी बाहेर गेले तशी मागून आली.

"मी तुला खोटं पाडत नाहीये," म्हणाली.

"मग बोल ना त्यांना!"

"काय बोलू? तो नाही तर पुढे कोण जाणार? ऑरिन? माझ्या भावाने जन्मात कधी रस्ता निवडलेला नाही. बायकोसुद्धा त्याला रॉइसने दाखवली." तिने नाक पुसलं. "आम्ही त्याच्या चाकामागून चालतो गं. त्रेसष्टाव्या वर्षी मी या खडकांत कुणाच्या जोरावर येते, वाटतं तुला? तो ठीक नाही असं म्हटलं की माझंही फिरणं संपलं."

"पण तो ठीक नाहीये, ट्रूडी."

"हो," ती म्हणाली. आणि आत गेली.

रॉइस लाकडं फोडत होता. मी समोर जाऊन उभी राहिले. कुऱ्हाड त्याच्या हातात आहे याचीही भीती वाटते हल्ली, ती त्याला दिसली असावी. त्याने कुऱ्हाड खाली टेकवली.

"तू हातावर हात दिला होतास."

"दिला होता."

"पावसाची गोष्ट माझी होती, शॉना." अगदी हळू म्हणाला. "ती झाली नव्हती, मला माहीत आहे. पण पुढच्या वर्षी मी नसताना हे इथे चुलीपाशी बसून ती सांगणार होते. तेवढी तरी ठेवायचीस."

मला रडू आलं नाही. यायला हवं होतं. मी म्हटलं, "ते पुढच्या वर्षी दुसरीच गोष्ट सांगतील. कड्याची."

"उद्या मी पुढे जाणार आहे," तो म्हणाला. "तुला यायचं असेल तर मागून ये."

२८, संध्याकाळ

ऑरिन फार बोलतो. ट्रूडीने सगळ्यांच्या टायरची हवा बघितली, रॉइसच्या दोनदा.

मी काय काय करू शकते, याचा विचार करून झाला. त्याच्या टाकीत माती घालू शकते. लाल बटण दाबू शकते. त्याच्या चाकापुढे आडवी पडू शकते — आणि तो मला वळसा घालून जाईल, हसत, आणि ऑरिन म्हणेल, बायको असावी तर अशी! माती घातली तर ऑरिन तासाभरात टाकी धुऊन देईल. बटण दाबलं तर खाली उतरणाऱ्या माणसांना रॉइस कॉफी विचारेल.

वीस वर्षांपूर्वी वाळूत पहिल्यांदा पडले तेव्हा हाच माणूस बाजूला बसून होता. मला उठवायला हात पुढे केला नाही त्याने. म्हणाला, "घाई नाही. तुला उठावंसं वाटेल तेव्हा ऊठ." किती चिडले होते मी! आणि त्याच दिवशी प्रेमात पडले.

जेवताना पीचचा शेवटचा डबा काढला. शेवटची फोड त्याने माझ्या ताटलीत टाकली. न बघता, न बोलता. ही माफी, की निरोप, की नुसती फोड, मला कळलं नाही. मी ती खाल्ली.

२९ सप्टेंबर

ऊन. आमच्या तिघांच्या बाईक सुरू झालेल्या. मी डावा हातमोजा घालायला गेले तर अंगठ्यात काहीतरी टोचलं. उलटा करून झटकला. रॉइसच्या बाईकची किल्ली.

वर बघितलं. रॉइस पडवीत ओरडत होता, "माझी किल्ली कुणी पाहिली?" खिसे उलटे केले. पिशवी रिकामी केली. चुलीखाली वाकला, लाकडांचा ढीग हलवला, कॉफीचा डबासुद्धा उघडून बघितला. एवढा आरडाओरडा करून शोधताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. आणि एकदाही त्याने माझ्याकडे मान वळवली नाही.

"त्यात काय एवढं!" ऑरिन पक्कड घेऊन आला. "वायर सोलतो, दोन मिनिटांत चालू."

"माझ्या वायरला हात लावायचा नाही."

"अरे, पण —"

"नाही म्हटलं ना, ऑरिन."

ऑरिन पक्कड हातात धरून उभा राहिला. त्याच्याकडे बघत. मग माझ्याकडे वळला, "शॉना, तुझ्याकडे जादा —" आणि थांबला. जादा किल्ली माझ्याच पिशवीत असते, हे त्याला चांगलं माहीत आहे. त्याने पक्कड खिशात घातली. आपली बाईक बंद केली. हेल्मेट काढलं.

"मग चिखल वाळेपर्यंत थांबू," म्हणाला. डोळे मात्र पुसले त्याने, धूळ नसताना.

ट्रूडी म्हणाली, "मी कॉफी ठेवते."

रॉइस अजून शोधतच होता, पायरीखाली, गुडघ्यांवर बसून. मी मूठ खिशात घातली, त्याच्या शेजारी गुडघे टेकले, आणि मीही शोधायला लागले.